तांडेलाचे दोन वाटे

मुरबे गावची मावशी खोटं बोलून मासे विकत नसे. बोईसरच्या बाजारात बाकीच्या मासेवाल्या आदल्या दिवशीचं पापलेट बिनदिक्कत गळ्यात मारायच्या. ही मात्र माझा हात धरायची. "ह्यो कालचा हाय, बाय. नको घेव." शेजारणींच्या शिव्या खायची, पण सवय सोडायची नाही. बाजारामागच्या एका खाजगी दवाखान्यात मी नर्स होते. नवऱ्यावर नव्हता एवढा माझा तिच्यावर विश्वास होता.

तोंडाची फाटकी. दवाखान्यात वजनाच्या काट्यावर उभी राहिली की आमच्या डॉक्टरांनाच विचारायची, "तुजा काटा बरोबर हाय ना? का बाजारातल्यासारका?"

नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नाही. तो होडीचा तांडेल, सुकाणू त्याच्या हातात, म्हणून तीही त्याला तांडेलच म्हणायची. "होडीवर तांडेलाचे दोन वाटे, खलाशाचा एक. आमच्या घरातबी त्योच कायदा," असं सांगून हसायची. कालवणातल्या तुकड्या त्याला, डोकी हिला. मीही हसायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे तिचा ताप हटेना, तेव्हा तपासणी केली. एचआयव्ही निघाला. तांडेलही खोकून खोकून अर्धा झाला होता, पण तो तपासणीला आला नाही. तिनेही त्याला काही कळू दिलं नाही. त्या काळी एचआयव्हीवरची औषधं आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नव्हती. डॉक्टरांनी मुंबईच्या ओळखीतून मिळवली, तीही एका माणसापुरती. "तांडेल पन्नाशीच्या पुढे, त्यात दारू. ही चाळिशीची, काटक. औषध घेतलं तर ही वाचेल," डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. त्याचा विचार मी केला नाही, हे कबूल करते.

दर महिन्याला मी तिच्या हातात गोळ्या द्यायचे. रिकामी पाकिटं ती पाटीतल्या माशांखालून काढून माझ्यापुढे टाकायची. "बघ, एकबी चुकली नाय." मी डॉक्टरांना कौतुकाने सांगायचे, पेशंट असावा तर असा.

आणि तिचं वजन उतरत होतं. ती काट्याला नावं ठेवायची. डॉक्टर चक्रावले. म्हणाले, बायका फार उशिरा येतात. अंगात रक्त नाही, दिवसभर डोक्यावर पाटी, जेवणार सगळ्यांच्या शेवटी. तिची गरिबी, बाईचा जन्म, सगळ्यांवर आम्ही खापर फोडलं. शेवटी मीच तिला खडसावून विचारलं, "मावशी, गोळ्या घेतेस ना?" डोळ्याला डोळा भिडवून ती म्हणाली, "तुजी शपत, बाय." त्यानंतर महिन्याभरात ती गेली.

तिचं दिवसकार्य उरकल्यावर तांडेल दवाखान्यात आला. पहिल्यांदाच. खोकला नाही, गाल भरलेले. टेबलावर त्याने एक रिकामं पाकीट ठेवलं.

"ताकदीच्या गोळ्या हायत. ती रोज भाकरीसंगं माला देयाची. आता संपल्या. आजून मिलतील का?"

मी पाकीट उलटून पाहिलं. तिच्याच गोळ्यांचं. "आणि ती काय घ्यायची?"

"ती कशाला घेल? बोलायची, माला काय झाला नाय, सादा ताप हाय. तू गेलास तर होडी कोन नेल?"

मला त्याचा नाही, तिचा राग आला. ढसाढसा रडले मी त्या माणसासमोर, आणि तो बिचारा माझीच समजूत घालत राहिला. आज इतक्या वर्षांनीही तो राग उतरलेला नाही. मला खरं सांगितलं असतं तर मी डॉक्टरांच्या पाया पडले असते, दुसऱ्या माणसापुरती औषधं कुठूनही आणली असती. तिने मला ती संधीच दिली नाही.

कपाटात पुढच्या महिन्याचं औषध होतं, वर तिचं नाव. ते काढण्याआधी मी तांडेलाला काट्यावर उभं केलं. चांगलं दणदणीत वजन भरलं.

काटा बरोबर होता, मावशी. खोटं तूच बोललीस, आणि शपथ घेतलीस तीही माझी.