गाडीला बांधलेला दोरा

सीमोल्लंघन म्हणजे लोक गावाबाहेर चार पावलं जाऊन येतात. आम्ही बालाघाटची माणसं खरीखुरी सीमा ओलांडतो, याचा बाबांना भारी अभिमान. राजेगावच्या पुढचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश संपतो, आणि पलीकडे थोड्या अंतरावर माझी आत्या राहते. दर दसऱ्याला बाबा आपल्या जुन्या जीपमधून जाऊन बहिणीला सोनं द्यायचे. पण जीपचं इंजिन बसलं आणि मागच्या दसऱ्याला त्यांना बसमध्ये उभ्यानं जावं लागलं. आपट्याची पानं गर्दीत चुरडली. तेव्हापासून घरात कोणी बसचं नाव काढलं तरी त्यांना झोंबायचं.

अंगण अडवून उभ्या जीपबद्दल आईनं यंदा निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. "दसऱ्याले चालली तर चालली. नाई तर दुसऱ्या दिवशी कबाडीवाल्याले बोलावते. मले माझं अंगण पाह्यजे."

बाबा नुकतेच सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे हात रिकामे आणि जिद्द भरपूर. त्यांनी अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन भंगारातून आणवलं. मिस्त्रीनं ते जीपमध्ये बसवलं, वायरींच्या गुंत्याकडे एकदा पाहिलं, "बाबूजी, ये तो खिचड़ी है," म्हणाला आणि जो गेला तो गेलाच. मग उरलो बाबा आणि मी. मी शाळेत विज्ञान शिकवते, एवढी माझी लायकी बाबांना पुरेशी वाटली.

जुन्या इंजिनात सगळ्या प्लगना मिळून एकच कॉइल होती. या नव्यात चार प्लग आणि प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःची कॉइल. कोणी कधी ठिणगी टाकायची, ते सीटखालचा कंप्युटरचा डबा ठरवतो. एकाची तार दुसऱ्याला लागली की इंजिन चालत नाही, भांडतं. भंगारवाल्यानं तारा मधूनच कापलेल्या आणि रंग तर काळ्या ग्रीसखाली गेलेले. आम्ही मीटर लावून एकेक तार शोधली, नव्या तारांनी लांबवली, टोकांना कॉइलवर बसणारे खटके, म्हणजे कनेक्टर, जोडले. चारही खटके दिसायला सारखे. खुणेला टेप शोधली तर संपलेली. बाबांनी देवघरातून पूजेचा लाल दोरा आणला आणि पहिल्या तारेला एक गाठ, दुसरीला दोन, अशा चारही तारांना गाठी मारल्या. कागदावर लिहून ठेवू या, असं मी म्हटलं. जन्मभर खात्यात टाचणीचीही नोंद ठेवलेला माणूस मला म्हणाला, "गाठ आहे न? मंग कागद कायले?"

दसऱ्याच्या सकाळी आंघोळ करून बाहेर येते तर आईनं जीप नवरीसारखी सजवलेली. बॉनेटवर स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ, आत इंजिनाला हळदकुंकू. बाबांनी नारळ फोडला, ऐटीत बसले आणि चावी फिरवली.

इंजिन खोकलं, शिंकलं आणि सायलेन्सरमधून असा बार काढला की शेजाऱ्यांची म्हैस दावं तोडून निघाली. भिंतीवरून शेजारी म्हणाले, "क्यों बाबूजी, रावण सुबह ही जला दिया?"

मी बॉनेट उघडलं. चारही तारांना नवाकोरा लाल दोरा, चारही ठिकाणी एकसारखी सुबक गाठ.

"आई, इथल्या गाठी कुठं गेल्या वं?"

"कोन्त्या? ते मळके दोरे? तोडून फेकले. दसऱ्याच्या पूजेले उष्टा दोरा चालते का?" वर कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली, "सारे खटके काढून पुसले. मंग लावले परत."

"जिथल्या तिथं?"

"जिथं पुरले तिथं."

बाबांचा चेहरा पाहवत नव्हता. "अवं, ते नंबर होते!"

"दोऱ्याचे कुठं नंबर असते का? लिहा लागत होतं कागदावर."

मला इतकं हसू आलं की मडगार्ड धरून उभी राहिले. बाबा मात्र हसले नाहीत. आईनं कबाडीवाल्याला उद्याचं सांगूनही ठेवलं होतं, आणि दिवस मावळायच्या आत पूल ओलांडायचा होता. त्यांनी सीट उचलली, डबा बाहेर काढला. पुन्हा मीटर; दोन्ही टोकं एकाच तारेची असली की ते वाजतं. डब्याकडचं टोक बाबांनी धरलं, इंजिनाकडचं आईच्या हातात दिलं. "वाजलं की सांग." ती तोंड वाकडं करून उभी राहिली. मीटर पहिल्यांदा वाजलं तेव्हा "वाजलं!" अशी ओरडली की शेजारी परत भिंतीवर आले. तिसऱ्या तारेपर्यंत ती आम्हाला दटावत होती, "घाई नोका करू, नीट पाहू द्या."

दुपार कलल्यावर बाबांनी चावी फिरवली. जीप पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि लोण्यासारखी चालू लागली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते धुरावर ढकललं, पण धूर नव्हताच.

पुलाच्या मधोमध, सीमेवर, बाबांनी गाडी हळू केली. "काहून वं, विकायच्या गाडीची कोणी एवढी पूजा करते का?"

आई नदीकडे पाहत म्हणाली, "समोर पाहून चालवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कबाडीवाला हातगाडी घेऊन दारात आला. आईच पुढे झाली. "भैया, अभी तो पूजा का धागा बँधा है. अपने आप टूटेगा, तब आना." आदल्याच दिवशी चार दोरे हातानं तोडणारी ही बाई! बाबा काही बोलणार होते, मी त्यांचा हात दाबला.

कबाडीवाला अजून अधूनमधून विचारून जातो. पण दोरा झिजून तुटायच्या आत दुसरा दसरा येतो आणि आई नवा बांधते. पहिल्या तारेला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार.