डेमो लेक्चरची सुमन

सुमन ती प्रवेश परीक्षा कधीच पास होणार नाही, हे मला पहिल्या तीन महिन्यांतच कळलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि सुमनला तर नाहीच. उलट तिला चार वर्षं सांगत राहिलो, "थोडक्यात हुकलं गं. पुढच्या वेळी नक्की."

श्रीरामपुरात माझा क्लास आहे. पदवी झालेली मुलं एमबीएला जाण्यासाठी जी परीक्षा देतात, तिची तयारी आम्ही करून घेतो. सुमन आली ती अकोले तालुक्याच्या डोंगरातून, राजूरजवळच्या एका वाडीतून. बी.कॉम. झालेली, इथे मामाकडे राहणारी. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर गणित घातलं, दोन आगगाड्या समोरासमोरून येतात, किती वेळात भेटतील? सगळ्यांच्या माना वहीत, हिचा हात वर.

"सर, आमच्या तालुक्यात रेल्वेच न्हाई. जीपचं घाला ना."

"बरं, जीपचं. राजूरहून एक जीप सकाळी आठला सुटली..."

"आठला कशी सुटंल? भरल्यावर सुटंल."

वर्ग खो खो हसला. मी हसलो नाही. मी सहसा हसत नाहीच. बायको म्हणते, आपल्या लग्नाच्या व्हिडिओत भटजी हसलेत, बँडवाले हसलेत, तुम्ही तेवढे नाही. पण त्या दिवशी घरी जाताना गाडीवर मला एकट्यालाच हसू आलं आणि सिग्नलला शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला.

तिची बुद्धी कमी नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे. अडचण वेगळी होती. त्या परीक्षेत एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट मिळतं, आणि सुमन प्रश्नाशी गप्पा मारत बसे. दोन नळ टाकी भरतात, तिसरा रिकामी करतो, हे गणित आलं की बाकीची मुलं सूत्र लावत. सुमन पेन खाली ठेवून म्हणे, "हे भंडारदऱ्याचं हाय, सर. पाऊस आमी झेलायचा, पानी खाली तुमच्या उसाला, आन् उन्हाळ्यात टँकर आमच्या वाडीला. तिसरा नळ म्हंजी तुमीच की." सगळ्यात मोठ्यानं हसायची ती ऊसवाल्यांचीच पोरं. उत्तर तिचं बरोबर यायचं, पण तोवर चार मिनिटं गेलेली असत. उताऱ्याखाली 'लेखकाचा सूर कोणता' असं विचारलं की ती वैतागे. "आमच्या आईचा सूर मला अजून कळंना, आन् ह्या बाबाचा एका मिनिटात कसा कळावा?"

एक पर्याय मात्र तिला मनापासून आवडायचा, 'दिलेली माहिती अपुरी आहे'. तो तिनं परीक्षेतून उचलला आणि रोजच्या बोलण्यात आणला. जेवलीस का, असं विचारलं तर म्हणायची, "माहिती अपुरी हाय, मामीनं काय केलंय ते कळू द्या." मामानं स्थळ आणलं, मुलगा कसा वाटला म्हणून विचारलं, तर तेच. मामा माझ्याकडे तक्रार घेऊन आला होता.

पहिला निकाल लागला तेव्हा ती मार्कांच्या समानीकरणावर चिडली. ही परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत होते, आणि एका सत्राचा पेपर सोपा निघाला तर गुण वरखाली करून सगळ्यांना एका पातळीवर आणतात. मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं ते रविवारी रसवंतीत सांगितलं.

पावसाळ्यात उसाचा रस कोण पितो? म्हणून स्टेशनकडच्या रस्त्यावरची एक रसवंती तेव्हा रिकामीच असते. काही पोरांनी मालकाला पटवून तिथे रविवारी संध्याकाळी मराठी स्टँड-अप सुरू केलं होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, हळदीला लावतात तो स्पीकर, आणि बोलणाऱ्याची वेळ संपली की मालक रसाच्या चरकाचं चाक फिरवायचा. चाकाला घुंगरं बांधलेली. छुमछुम झालं की उतरायचं. सुमनच्या वेळी मालक चाकाला हात लावायचा विसरायचा.

"शेजारच्या मांडवात जेवान झ्याक झालं," ती सांगत होती, "म्हनून माझ्या ताटातली पुरी काढून घेतली. म्हनले, समानीकरन हाय! आवो, पन मी जेवले ह्या मांडवात!" मी मागच्या खुर्चीवर, टोपी डोळ्यांवर ओढून बसलेलो. इतका हसलो की टोपी पडली. तिनं स्टेजवरून पाहिलं आणि नमस्कार केला.

मग मी ते केलं, ज्यासाठी गाव मला भला माणूस म्हणतं. दुसऱ्या वर्षापासून तिची फी मी घेतली नाही. बदल्यात काही मागितलंही नाही, फक्त दर बॅचच्या आधी फुकटचं डेमो लेक्चर असतं, त्यात तिला म्हणायचं, "सुमन, दोन मिनिटं बोल जरा." ती वीस मिनिटं बोलायची. पालक डोळे पुसत हसायचे आणि तिथेच प्रवेश घेऊन जायचे. चौकातल्या आमच्या फ्लेक्सवर पास झालेल्यांचे फोटो असतात. तिचा कधीच नव्हता. पण तो फ्लेक्स बघून आमच्याकडे कुणी आल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्यांदा हुकल्यावर तिला पुण्याहून बोलावणं आलं. तिथल्या तीन-चार पोरापोरींचा ग्रुप गावोगाव प्रयोग करणार होता, त्यांनी हिचा व्हिडिओ पाहिला होता. तिचे वडील तिला घेऊन थेट माझ्याकडे आले. खांद्यावर तांदळाचं गाठोडं. ते खाली ठेवून म्हणाले, "गुरुजी, मला ह्यातलं काय कळत न्हाई. पुन्याची पोरं बोलवत्यात. पोरगी म्हनती जाते. तुमी सांगा, हितलं जमंल का तिला? जमनार नसंल तर मी अडवीत न्हाई, जाऊ द्या तिला पुन्याला."

इतका सरळ प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. उत्तर मला पाठ होतं. पण समोरच्या इमारतीत नवा क्लास उघडला होता, एसी असलेला, आणि आमचं डेमो लेक्चर पुढच्याच रविवारी होतं.

"थोडक्यात हुकलंय, आबा," मी म्हणालो. "एवढ्यात सोडू नका. पुणं कुठं पळून जातंय?"

"ऐकलं का गं? सर सांगत्यात."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. तोंडावर मारील असं एखादं वाक्य तिच्याकडे नेहमी असायचं. ती "बरं" म्हणाली.

त्या रविवारी ती जितकी छान बोलली तितकी आधी कधी बोलली नव्हती. नव्या बॅचला बाकं कमी पडली. एसीवाला वर्षभरात क्लास बंद करून गेला.

पुण्याच्या पोरांनी दुसरी मुलगी घेतली. त्यांचा प्रयोग पुढे नगरला आला तेव्हा सुमन मलाही ओढून घेऊन गेली. हॉल भरलेला होता. ती सगळ्यांत आधी टाळ्या वाजवत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "चांगली करती ती. निस्ती घाई करती." मी चहा घेऊ या का म्हणून विचारलं.

चौथ्या निकालानंतर वडिलांनीच थांबवलं. आता ती राजूरला एका पतसंस्थेत काउंटरवर बसते, लग्न झालंय. तिथे कामाला गेलेले लोक सांगतात, तिच्या खिडकीसमोरची रांग सगळ्यांत मोठी असते आणि कुणी कुरकुर करत नाही.

गेल्या वर्षी इथल्या एका मंडळानं माझा सत्कार केला. डोंगरातल्या मुलीला चार वर्षं शिकवलं, त्यातली तीन विनामूल्य, म्हणून. बोलायला तिलाच बोलावलं होतं. ती उभी राहिली. "सरांनी मला इतकं शिकवलं, इतकं शिकवलं, की पास व्हायला येळच मिळाला न्हाई!" सगळं सभागृह हसून लोटपोट झालं. मीही हसलो, फोटोत दिसतं. मग ती थांबली. विनोद करताना थांबते तशी नाही.

"पन खरं सांगते. माझ्यावर सरांनी ठिवला तेवढा इश्वास कुनीच ठिवला न्हाई. माझ्या बापानं सुदीक न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडील पहिल्या रांगेत होते, तेही वाजवत होते. मी शाल घेतली, नारळ घेतला, दोन शब्द बोलायला सांगितलं तर घसा बसलाय म्हणालो.

राजूर इथून काही तासांवर आहे. मी अजून गेलेलो नाही. तुझं इथे होणार नाही हे मला माहीत होतं, आणि तू गेलीस तर माझी बॅच भरणार नाही म्हणून तुला थांबवलं, एवढं सुमनला आणि तिच्या वडिलांना समोर बसून सांगायचं देणं मी लागतो.