बाजू संपेपर्यंत

मल्लू गेला तेव्हा मी त्याच्यापासून दोन हातांवर बसलो होतो, आणि मला ते कळलं नाही. महिना होऊन गेला. शाळेत जातो, फळ्यावर लिहितो, घरी येऊन जेवतो, पण हे वाक्य काही केल्या गळ्याखाली उतरत नाही. भालकीच्या बाजारात त्याचं अडत दुकान, त्या दुकानाच्या माडीवर आम्ही तिघं दर रविवारी दुपारी जमायचो, तसेच त्या दिवशी जमलो होतो. मल्लू, मी, आणि पंप-पंख्यांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा एजाज. टेपरेकॉर्डरवर कॅसेट चालू होती, आवाज नेहमीसारखाच, शेजारच्यांनी शिव्या घालाव्यात इतका मोठा. मल्लू पोत्याला पाठ टेकून, मांडी घालून, डोळे मिटून बसलेला. मध्येच कधीतरी त्याचा उजवा हात गुडघ्यावरून वर उठला, पंजा उघडा, आणि हळूच पुन्हा खाली आला. मी पाहिलं. एजाजनंही पाहिलं. गिटारची चांगली जागा जवळ आली की तो असाच हात करायचा, 'आता ऐका' म्हणून. आम्ही ऐकत राहिलो. बाजू संपली, टेपचं बटण खटकन वर आलं. आमच्यात पहिला शब्द बोलायचा मान त्याचा, म्हणून आम्ही थांबलो... जरा जास्तच वेळ झाला तेव्हा एजाज मला डोळ्यांनी खुणावत म्हणाला, "आज अण्णाला लय भिनलंय दिसायलंय." आणि आम्ही दोघं हसलो. मग एजाजनं त्याच्या खांद्याला हात लावला.

डॉक्टर लगेच आले. हृदय बंद पडलंय, म्हणाले, बराच वेळ झाला असावा. बराच म्हणजे किती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. सकाळी या माणसानं उभं राहून तुरीची पोती मोजून घेतली होती. छातीत दुखल्याची तक्रार नाही, दम लागल्याची नाही. ज्या साली, म्हणजे छप्पनला, आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून म्हैसूर राज्यात आला त्या सालचा त्याचा जन्म, म्हणजे मरायचं वय थोडंच झालं होतं? मला याचा नुसता धक्का बसलेला नाही, रागही येतो. कुणावर येतो ते मात्र सांगता येत नाही.

आम्ही काय ऐकत होतो, ते आधी सांगायला हवं. हेवी मेटल. वाचकांपैकी बहुतेकांना ही काय भानगड ते ठाऊक नसेल, आणि ज्यांना ठाऊक असेल त्यांचा भालकीत ते ऐकणारी माणसं होती यावर विश्वास बसणार नाही. विजेवर चालणाऱ्या गिटारी, जीव तोडून बडवलेले ड्रम आणि त्यावर किंचाळणारा एक गोरा, इतकं सांगितलं तरी पुरे. मी भालकी तालुक्यातल्याच मेहकरचा, छप्पननंतर बौद्ध झालेल्या घरातला. नोकरी लागली तेव्हा भालकीत खोली केली आणि ज्वारी घ्यायला म्हणून या दुकानात शिरलो. वरून असा आवाज येत होता की कुणीतरी पत्रे फरपटत नेतंय. मी विचारलं, वर बांधकाम काढलंय का. गादीवरचा माणूस, म्हणजे मल्लू, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, शांतपणे म्हणाला, "काम न्हाई मास्तर, गाणं हाय. एजाज टेप नीट करायलाय. ऐकायचं हाय का? आयतवारी या." नवा मास्तर म्हणून गावानं मला आधीच ओळखलेलं होतं. मी गेलो ते खरं सांगायचं तर कुचेष्टेनंच. डोकं दुखायला लागलं. आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, कारण आदल्या आठवड्यात फळ्यावर गणित मांडताना त्यातली एक ओळ माझ्या डोक्यात वाजत होती आणि ती कशी पुरी होते ते मला आठवेना.

मल्लूला हे वेड गुलबर्ग्याला लागलं. इंजिनिअरिंगला होता तिथं, वसतिगृहाच्या खोलीत जोडीला शिलाँगचा एक मुलगा. त्यानं गिटार आणि ड्रम वेगळे कसे ऐकायचे ते याला शिकवलं. दोन वर्षांत वडील गेले, शिक्षण अर्धवट टाकून मल्लू दुकानावर येऊन बसला. येताना त्या मुलानं दिलेल्या तीन कॅसेटी तेवढ्या बरोबर आणल्या. पुढच्या कॅसेटी हैदराबादच्या फुटपाथवरून यायच्या, नकलेची नक्कल, वर धड नावही नसलेल्या. त्यामुळे गिटारवाल्यांची नावं आम्हीच ठेवली होती. एक 'घायकुत्या', एक 'रडका', आणि मल्लूचा लाडका तो 'सावकार', कारण तो म्हणे सूर हातचा सोडत नाही. एजाज घायकुत्याचा भक्त. "अण्णा, बोटं बघा की त्याची, मशीन हाय मशीन," असं तो दर रविवारी म्हणायचा आणि मल्लू दर रविवारी तेच उत्तर द्यायचा, "मशीन तर तुझ्या दुकानात बी हाय रं. सावकार बघ, बैल वळवावा तसा सूर वळवायलाय. घाई न्हाई."

ऐकायची त्याची शिस्त होती आणि ती मोडलेली त्याला खपत नसे. कॅसेट लावली की बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही, चहा मागवायचा नाही. आवडलं तरी मागे नेऊन पुन्हा ऐकायचं नाही. त्याचं म्हणणं, माणसानं ओळीनं अल्बम केलाय तो काय उगाच? भांडण काय ते बाजू संपल्यावर. माडीवर रिकाम्या पोत्यांचा बारदाना आणि हंगामात भरलेली पोतीही असायची. खोली भरलेली असली की आवाज घुमत नाही, हे त्यानं शोधून काढलं होतं. "तुरीची आवक झाली की ड्रम सुटा ऐकू येतो," हे वाक्य मी त्याच्या तोंडून दर हंगामात ऐकलं आहे. बाजारातल्या दुसऱ्या कुठल्या अडत्यानं तुरीकडं त्या नजरेनं पाहिलं असेल असं वाटत नाही.

वीज आमच्याकडं येते कमी, जाते जास्त. मग टेप सेलवर चालायचा. एक अल्बम आम्हाला इतका आवडला की दोन वर्षं ऐकला, जड, संथ, पोटात खड्डा पाडणारा. पुढे एजाज हैदराबादला गेला, तिथं एका दुकानात तोच लागलेला, आणि तो चांगला पळत होता. तेव्हा उलगडा झाला की आम्ही दोन वर्षं दम गेलेले सेल ऐकत होतो. एजाज अगदी ओशाळून आला. मल्लूनं सगळं ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग त्येंनीच घाई केली म्हनायची." त्यानंतरही तो अल्बम लावायचा असला की मल्लू जुने सेल काढायचा. हसून हसून आमची पुरेवाट व्हायची.

एकदाच त्यानं विजेची गिटार प्रत्यक्ष पाहिली. हैदराबादच्या दुकानात गेला, हात लावू का म्हणून विचारलं, दुकानदारानं वायर न जोडता तशीच हातात दिली. मल्लूनं तार छेडली. परत आला तो सरळ माझ्या खोलीवर. "मास्तर, एवढुसा आवाज करायलीय ती. डास परवडला. आन त्यातनं ह्यो एवढा गडगडाट!" मला वाटलं, हिरमुसला असेल. पण त्याचा चेहरा असा उजळला होता! आठ दिवस तो भेटेल त्याला हेच सांगत होता, तूर विकायला आलेल्या शेतकऱ्यांनासुद्धा. ते बिचारे मान डोलवायचे आणि तुरीचा भाव विचारायचे.

त्याची आई, अव्वा, आम्हाला कंटाळलेली होती, पण चहा वर पाठवायची. पहिल्यांदा पाठवला तेव्हा तिन्ही कप एकसारखे होते. हे मी मेहकरला आईला सांगितलं, कारण तिनं पहिला प्रश्न तोच विचारला होता. मल्लूचे मिटलेले डोळे बघून अव्वा म्हणायची, "लिंगपूजेला इतकं मन लावून बसला असतास तर बसवण्णाच्या मागचा मोठा शरण, संत झाला असतास." तो म्हणायचा, "अव्वा, बसायलोय की तसंच." आणि खरंच, सकाळी पूजेला आणि रविवारी माडीवर त्याची बैठक एकच. ताठ पाठ, सैल हात, चेहऱ्यावर काही नाही. त्या रविवारी आम्ही फसलो ते त्या बैठकीमुळेच, असं मी स्वतःला सांगतो. पण सांगून भागत नाही.

लिंगायतांत माणसाला निजवत नाहीत, बसवून माती देतात. हे मला माहीत होतं, पाहिलंही होतं. तरी शेतात खणलेल्या त्या खड्ड्यात मल्लूला मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, तेव्हा मी एक पाऊल मागं सरलो. तीच बैठक. एजाजनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. लोक मंत्र म्हणत होते, विभूती टाकत होते, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे त्याच्या तोंडाकडं बघत होतो... आता बोलेल म्हणून.

त्यानंतर माडी बंद राहिली. कॅसेट टेपमध्येच होती, एजाजनं तिला हात लावला नाही. आम्ही दोघं भेटायचो, पण गिटारीचा विषय निघायचा नाही. आमच्या दोघांच्या मनात एकच गोष्ट होती, तो हात. गिटारची जागा जवळ आली म्हणून उठला होता, की आम्हाला बोलावत होता? बोलावत असेल तर आम्ही दोघं धडधाकट माणसं शेजारी बसून गाणं ऐकत होतो. "जागा जवळच आली हुती मास्तर, मला पक्कं आठवायलंय," एजाज शपथेवर सांगायचा, आणि सांगताना माझ्याकडं बघायचा नाही.

गेल्या रविवारी अक्कांचा निरोप आला. अक्का म्हणजे मल्लूची बायको. इतक्या वर्षांत रविवारी त्या कधी माडी चढल्या नव्हत्या. आम्ही गेलो तर वर त्या एकट्याच, मल्लूची जागा सोडून दुसऱ्या पोत्यावर बसलेल्या. म्हणाल्या, "एजाजभाई अव्वाजवळ रडताना म्हनले, त्येंनी हात वर केला हुता. कुठं केला ते मला ऐकवा." एजाजनं कॅसेट मागे नेली. बटण मी दाबलं. आम्ही तिघं बसलो. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यात गायक अजून गात होता, ड्रम साधेच चालले होते, आणि मला ते दिसलं... तो उघडा पंजा, इथंच. गिटार यायला खूप अवकाश होता. मी एजाजकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. त्यालाही ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

मी नियम मोडला. म्हणालो, "अक्का, इथं. गिटार अजून लांब हाय. त्यो आमाला बोलवत आसल. आमाला कळलं न्हाई." मी टेप बंद करायला हात पुढं केला तर अक्कांनी नको म्हणून खूण केली. त्या ऐकत राहिल्या. सावकाराची ती मोठी जागा आली आणि गेली, आमच्यापैकी कुणाचा हात उठला नाही. बाजू संपली. बटण वर आलं.

"तुमाला न्हाई बोलवलं," अक्का म्हणाल्या. "त्याच गान्याला मी हाक मारली हुती. खालून, जिन्याजवळनं. भाकरी झाल्या, या म्हनून. दर आयतवारी मारायची. तुमच्या गोंगाटात तुमाला कदी ऐकू आली न्हाई, पर त्येंला यायची." एजाजनं डोकं वर केलं. आम्हाला ही हाक कधीच माहीत नव्हती. "लगीन झालं तवा मी भांडले हुते, वर बसून हाकेला ओ कामून देत न्हाईत म्हनून. तर म्हनले, मधी बोलायचं न्हाई असा नेम हाय. मी हात वर करतो. तुला दिसनार न्हाई, पर तू समजून घे."

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडं पाठ होती.

"म्हनून दुसऱ्यांदा हाक मारली न्हाई मास्तर. म्हनलं, हात वर केला आसल."