मांजरीनं दूधभात खाल्ला तेव्हा

आमचं घर रामकुंडाच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर होतं, आणि दुसऱ्यांच्या घरचं रडणं हीच आमची भाकरी होती. वडील तिथे उपाध्ये. कुठून कुठून लोक अस्थी घेऊन यायचे, दहाव्याचे पिंड मांडून उन्हात कावळ्याची वाट बघत उभे राहायचे. कावळा शिवला की गेलेला जीव सुटला, पुढे गेला. नाही शिवला, की वडील हलक्या आवाजात विचारायचे, "त्यांचं मन कशात अडकलंय का?" मग कुणीतरी हात जोडून म्हणायचं, धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, म्हातारीला अंतर देणार नाही. इतकं करूनही नाहीच आला, तर वडील दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचे आणि सगळे घरी जायचे.

माझी मोठी बहीण, ताई, मालेगावला दिलेली होती. त्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा तिला दिवस गेलेले होते. निघायच्या आदल्या दिवशी ती चुलीपाशी बसून आईला म्हणाली, "मला परत नको पाठवू ग." आई म्हणाली, "असं बोलू नये. लेकीनं सासरी नांदावं." दुसऱ्या दिवशी ताई गेली. फाल्गुनात तिकडून माणूस आला तो सगळं आटोपल्यावरच. बाळंतपणात ताईही गेली आणि मूलही.

लग्न झालेल्या लेकीचं सुतक आईबापांना तीन दिवसांचं. पिंड, कावळा, सगळं तिकडे सासरच्यांनी केलं. कावळा शिवला की नाही, हे आम्हाला कुणी कळवलंही नाही. जगाच्या कावळ्यांची चौकशी करणाऱ्या आमच्या घराला आपल्या लेकीचा कावळा ठाऊक नव्हता. शास्त्राचा मला आजही राग येतो तो या तीन दिवसांपायी. नऊ महिने पोटात वाढवलेली लेक, आणि चौथ्या दिवशी आंघोळ करून आईनं उठायचं, चूल पेटवायची.

ताईची एक मांजरी होती. करड्या रंगाची, पोटाशी पांढरी. ताईनं लहानपणी गल्लीतून उचलून आणलेली. आता तिचंही वय झालं होतं. घर ब्राह्मणाचं, तेव्हा तिला आमच्याकडून दूधभात मिळायचा. बाकीचं ती आपलं आपण बघायची. चैत्रात तिनं खाणं सोडलं. म्हणजे आई पडवीत वाटी ठेवायची, ती धावत यायची, वास घ्यायची, एक घास तोंडात घ्यायची आणि एकदम किंचाळून, वाटीवरच फिसकारून पळून जायची. लांब जाऊन पंजानं तोंड पुसत बसायची आणि आईकडे बघायची.

आईनं याचा जो अर्थ लावला, तो आमच्याच घरात लागू शकतो. ती म्हणाली, "माझ्या हातचं घेत नाही. येते आणि रागानं परत जाते. ही मांजर नव्हे." मग ती रोज वाटीपुढे बसून हात जोडायला लागली. "चुकलं ग बाळे माझं. पुन्हा नाही पाठवणार. खा एवढं." मांजरी एक घास घ्यायची आणि पळायची. आईनं स्वतःचं रात्रीचं जेवण सोडलं. ही खाईल तेव्हाच मी खाईन, म्हणाली. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेजारपाजारच्या बायका बघायला यायच्या, पदर डोळ्यांना लावून जायच्या. आणि घाटावर शेकडो लोकांना धीर देणारे माझे वडील दारात उभे राहून नुसते बघायचे.

मला मात्र त्या मांजरीचा संताप आला होता. हिच्या नखऱ्यापायी आई वाळत चालली. एका दुपारी आई पुराणाला गेली होती, तेव्हा मी मांजरीला मानगुटीला धरून मांडीवर घेतलं आणि म्हटलं, आज तुझ्या घशात दूध ओततेच. तिनं ओरबाडलं, जबडा उघडला, आणि असा वास आला की माझी पकडच सैल झाली. परकरावर लाळ सांडली होती, तिच्यात रक्ताची तार होती. हिरड्या लालभडक सुजल्या होत्या, मागची दाढ किडून पिवळी पडली होती. आता माझ्या लक्षात आलं की तिच्या अंगावरच्या केसांच्या गुठळ्या झाल्यात. जीभ लावायलाही तिला दुखत असणार. मी तशीच रडत वडिलांकडे गेले.

वडील सोवळ्याचे इतके कडक, की मांजर आडवं आलं तरी पाय धुवायचे. त्या दिवशी त्यांनी तिला करंडीत घातलं, वर आपलं उपरणं बांधलं आणि आम्ही गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथे टांग्यांचे घोडे आणि बैल उभे. डॉक्टर हसले, "भटजी, मांजर आणलंत?" मग टॉवेलात गुंडाळून त्यांनी तिचं तोंड उघडलं आणि त्यांचं हसू गेलं.

"हिला भूक नाही असं नाही हो," ते म्हणाले. "भुकेनं जीव चाललाय हिचा. पण खाल्लं की तोंडात आग होते."

हलणारे, किडलेले दात त्यांनी चिमट्यानं ओढून काढले. मी कान झाकून घेतले होते तरी ऐकू आलं. जांभळ्या औषधाच्या पाण्यानं हिरड्या पुसायला सांगितल्या, भात पार मऊ करून आणि गार करून द्यायला सांगितला. हा रोग मुळातून जाईलच असं नाही, हेही सांगितलं.

परत येताना वडील म्हणाले, "आईला दाताचं बोलू नकोस. ही खायला लागली की तिला वाटेल, रुसवा गेला. वाटू दे."

मलाही ते पटलं. त्यानंतर आई पुराणाला गेली की वडील लाकडांच्या खोलीत मांजरीला मांडीवर घेऊन बसायचे आणि कापसाच्या बोळ्यानं तिच्या हिरड्या पुसायचे. बोळा लावताना स्वतःचंच तोंड वाकडं करायचे. त्यांना ताईसाठी रडताना मी कधी पाहिलं नाही. जे पाहिलं ते एवढंच.

आणि एका संध्याकाळी मांजरीनं खाल्लं. आधी चाटून पाहिलं, मान एका बाजूला कलती करून एक घास गिळला, थांबली, मग दुसरा. वाटी पुसून काढली. दारात वडील उभे होते. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला. आई वाटीकडे बघत होती.

"शिवली," ती म्हणाली. मग म्हणाली, "गेली ग माझी बाय." आणि तिनं असा हंबरडा फोडला की शेजारच्या बायका धावत आल्या. ताईची बातमी आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. इतके दिवस लेक रागावून का होईना, पडवीत येत होती; आता कावळा शिवल्यावर जीव जातो तशी ती गेली. वडील जन्मभर घाटावर हेच बघत आलेले, पण आपल्या पडवीत त्यांना ते सुचलं नव्हतं. 

त्या रात्री आई जेवली, बोलल्याप्रमाणे. दुसऱ्या दिवशी तिनं दूधभात कालवलाच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तूच घाल. मांजरच आहे ती."

हिरड्या अधूनमधून पुन्हा लाल व्हायच्या, पुन्हा पुसाव्या लागायच्या. मांजरी सवयीनं आईपाशी जाऊन पायाला अंग घासायची. आई पाय बाजूला घ्यायची आणि तांदूळ निवडत राहायची. मला कितीदा वाटलं, सांगून टाकावं, दात होते ग ते, ताई त्या दिवशी गेलीबिली नाही. पण मग ती रुसलीही नव्हती, ती आपल्या पडवीत कधी आलीच नव्हती, हेही सांगावं लागलं असतं. मी भात बोटांनी कुस्करून मऊ करायचे आणि वाटी मांजरीपुढे सरकवायचे.