तात्या मोकळे होते तेव्हा

तात्या आमच्या घरात कधी आले नाहीत. अंगणातल्या बाभळीखाली उकिडवे बसायचे, चहाही तिथेच घ्यायचे. खुर्ची दिली तर तिच्यावर काठी ठेवायचे. "छपराखाली बसलं का आभाळाचं काय चाललंय ते कळत न्हाय," म्हणायचे. पाहुणचाराच्या माझ्या पुणेरी कल्पना मी त्यांच्यापुढे मुकाट्याने गुंडाळून ठेवल्या.

निरवांगीपासून आत, माळावरच्या आमच्या दोन एकरांना त्यांचं रान लागून होतं. निवृत्तीनंतर नवऱ्याच्या मनाने घेतलं, की वीजमंडळाचा खांब नको, गॅसची टाकी नको. पाणी पावसाचं, वीज उन्हाची आणि चूल शेणाच्या गॅसवर. मी जन्मभर शाळेत मुलांना स्वावलंबन शिकवलेलं, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं. पुण्यातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना आम्ही ऐटीत सांगूनही टाकलं. ते म्हणाले, "दोन महिन्यांत परत याल." झालं, माझी परतीची वाट तिथेच बंद झाली.

स्वावलंबन म्हणजे रोज सकाळी दोन भाकड गायींचं शेण गोबरगॅसच्या कुंडीत हाताने कालवणं, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. चार दिवस खाडा झाला की चूल थंड. पॅनेल पुसा, बॅटऱ्यांचं पाणी बघा, ऊन कलल्यावर मिक्सर लावू नका. पहिल्याच वर्षी नवरा पॅनेल पुसताना शिडीवरून पडला. डॉक्टरांनी वाकायला कायमची बंदी केली आणि सगळं माझ्या गळ्यात आलं. बारामतीला गेले तरी जीव घड्याळात. मी त्या माळावर कोंडली गेले होते, आणि दोष द्यायला आजूबाजूला एक भिंतसुद्धा नव्हती.

शेण कालवायला तात्यांनीच शिकवलं. मी पदर नाकाला लावून एका हाताने ढवळत होते. "बाई, दोनी हात घाला. नाकाची सवय आपसूक मोडती," ते म्हणाले. मोडलीही, पण त्याला वर्ष लागलं.

त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या आधी परत यायचं. पुढे मुलांनी कळप विकून दोन म्हशी घेतल्या. एक आटली की दुसरी व्यायची, त्यामुळे दूध बारमाही, आणि दोघीही तात्यांशिवाय कुणाच्या हाताला धार देत नसत. सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या गाडीची वेळ गाठायची. आठ वर्षांत तात्या कऱ्हाटीला लेकीकडे मुक्कामाला राहिले नव्हते. "मेंढरं माझ्या मागं चालायची. म्हशींनी मलाच दाव्याला बांधलं," म्हणायचे. दरवर्षी पुतण्याचा कळप रस्त्याने कोकणाकडे निघाला की ते बांधावर उभे राहत, शेवटचं मेंढरू दिसेनासं होईपर्यंत. त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे मला बघवत नसे.

चौथ्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला माझ्या मुलीचं बाळंतपण आलं. दीड महिना नाशिकला जाते, असं मी नवऱ्याला म्हटलं. "आणि इथलं?" तो म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं, त्याचाच मला जास्त संताप आला. बाभळीखाली जाऊन मी तात्यांसमोर चक्क रडले, आणि कुणाला न सांगितलेलं त्यांना सांगितलं. "तात्या, मी गेले तर परत येणार नाही."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. काठीने माती उकरत राहिले.

"जावा. औंदा दोनी म्हशी संगंच आटल्यात. वैरण सून टाकंल, मी मोकळाच हाय. तुमचं शेण मी कालवतो," ते म्हणाले. "पर परत यायचं न्हाय, ते सायबास्नी सांगून जावा. माणूस हुडकत बसतं मागं."

मी सांगितलं. नवरा म्हणाला, "आधी बाळाला बघ, मग ठरव."

नाशिकला मी नातवाला न्हाऊमाखू घातलं आणि हट्टाने रात्रीचा मिक्सर लावला. दीड महिन्याने आले ती उरलेल्या साड्या न्यायला. चूल पेटत होती, पॅनेलवर धुळीचा कण नव्हता. साड्या भरत होते तेवढ्यात तात्यांची सून आली.

"बाई, पुतण्याचा कळप थांबला हुता दारात. मामंजींचं घोंगडं बी काढून ठिवल्यालं. आठ वरसं वाट बघितली त्यांनी, दोनी म्हशी एकदम आटायची. पर गेलं न्हाईत. म्हनले, बाईला शब्द दिलाय."

मी तशीच त्यांच्या गोठ्यात गेले. "तात्या, मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुमी गेला असता व्हय?" ते म्हणाले. "फुडल्या साली जाईन."

मी साड्या परत कपाटात लावल्या. यात मोठेपणा काही नव्हता, मला लाज वाटली होती. म्हशी व्याल्या तशी मी त्यांच्याकडे धार काढायला शिकायला जाऊ लागले. लाथा खाल्ल्या, बादल्या सांडल्या. श्रावणात पहिलीने माझ्या हाताला पान्हा सोडला, नवरात्रात दुसरीने.

दिवाळीनंतर कळप आला. "तात्या, निघा. धारा माझ्याकडे," मी म्हटलं. ते घोंगडं खांद्यावर टाकून निघाले, आणि त्या वर्षी बांधावर मी उभी राहिले. वळणापर्यंत ते मेंढरांबरोबर गेले. मग दोन्ही हात काठीवर टेकून थांबले. कळप पुढे गेला. ते मागे फिरले, एकेक पाय जपून टाकत.

"पायांनी न्हाय म्हनलं, बाई. गेल्या साली चालले असते," एवढंच बोलले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी मी धारेला बसले. तात्या शेजारी उभे होते, रिकाम्या हातांनी. "आता तुमी बी अडकला की," ते म्हणाले आणि हसले.

वैशाखात तात्या गेले. सगळं आटोपून माणसं स्मशानातून परतली तेव्हा डेअरीच्या गाडीची वेळ झाली होती. मी बादली घेतली आणि त्यांच्या गोठ्यात गेले.