ह्या जागेवर पाणी सोडतो

आमच्या समोरच्या घरातल्या मामांशी पाच मिनिटं बोलून स्वतःचं नाव धड सांगू शकेल असा माणूस मंगळवार पेठेत अजून जन्मायचा आहे. ते नेमके कुणाचे मामा, हेही मला आजतागायत कळलेलं नाही. सत्तरी उलटली, सगळा जन्म याच गल्लीत गेला, आणि एवढ्या जन्मात त्यांनी पाण्याखेरीज दुसरा विषय काढलेला मी तरी ऐकला नाही. माणसं त्यांना नावानं आठवत नाहीत, नळानं आठवतात. माझी बायको त्यांच्या लेखी 'सव्वासहाची वैनी', कारण आमच्या नळाला सव्वासहाला पाणी येतं. एकदा एका परगावच्या माणसानं त्यांना लग्नघराचा पत्ता विचारला. मामा म्हणाले, "पावणं, जुन्या लायनीनं जाऊ नगासा, ती आतनं गंजलीया. नवी लाईन धरा आन् जितं प्रेशर कमी हुतंय तितं डावीकडं वळा." अक्षता पडून गेल्यावर तो माणूस आम्हाला पाण्याच्या टाकीपाशी सापडला. बगलेत आहेराचा डबा होता आणि टाकीच्या राखणदाराला तो विचारत होता, तुम्ही नवरीकडचे का?

या सगळ्या गुंत्याच्या तळाशी एक साधी गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. आमची गल्ली शेवटाला चढाची आहे आणि टोकाच्या घरात मामांची थोरली बहीण, आक्का, एकटी राहते. तिच्या नळाला पाणी यायचं नाही, नुसती शिट्टी यायची. गुडघे गेलेले, तरी रोज सकाळी ती कळशी घेऊन मामांच्या दारात. मामा कळशी उचलायला गेले की म्हणायची, "ठेव खाली. तुजी तुला पाठ वाकत न्हाय आन् निगालाय."

म्हणून गल्लीची पाणी समिती निघाली तेव्हा मामांनी सगळ्यांत आधी नाव दिलं. कुठला व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा हे समिती ठरवणार होती आणि व्हॉल्व्हची चावी फिरवणारा चावीवाला समितीचंच ऐकणार होता. "एकदा मी आत गेलो की आक्काच्या नळाला पाणी," मामा मला म्हणाले, "मग मी मराय मोकळा." आठ दिवस ते दारोदार हिंडले. ज्यांनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं ते आणखीच गोंधळले, आणि दोघांनी तर नवा नळ मिळतोय असं समजून अर्ज लिहून दिले.

सभेत पाच जागा आणि सहा नावं निघाली. अध्यक्ष म्हणून बसवलेले हेडमास्तर म्हणाले, "निवडणूक नको. कुणीतरी एकानं मन मोठं करा." मामांचं तिकडं लक्षच नव्हतं. लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलेला गल्लीचा नकाशा त्यांनी टेबलावर पसरला होता. आक्काच्या घरावर बोट टेकून ते ठणकावून म्हणाले, "ह्या जागेवर मी पाणी सोडतो. सगळ्यांसमोर सांगतोय."

टाळ्या पडल्या. असा त्याग हल्ली कोण करतो, म्हणत हेडमास्तरांनी मामांना शाल पांघरवली, नारळ दिला. मामांनी डोळे पुसले. आपण निवडून आलो अशी त्यांची खात्री झाली होती. सभेची वही माझ्याकडे होती. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मामांनी जागेवर पाणी सोडले.' काहीतरी चुकतंय असं मला वाटत होतं, पण मामांच्या बाबतीत ते नेहमीच वाटतं.

दुसऱ्या दिवशी मामा शाल घेऊन चावीवाल्याकडे गेले आणि अर्धा तास बोलले. त्याला त्यातलं काय कळलं देव जाणे. शाल बघून तो बिचकला असावा, आणि सुटका व्हावी म्हणून त्यानं वरचा व्हॉल्व्ह दहा मिनिटं जास्त उघडा ठेवला. आक्काच्या नळाला पाणी आलं. पुढेही मामा रोज जात राहिले आणि पाणी रोज येत राहिलं.

माझं मन मात्र मला खात होतं. शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. "मामा, त्या दिवशी वहीत मी..."

"ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले. "तीन मिटिंगा झाल्या, मला कोण बोलवाय आलं न्हाय. एवढं कळतंय मला." इतक्या वर्षांत त्यांचं बोलणं मला पहिल्यांदाच एका दमात समजलं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं. मग ते म्हणाले, "आक्काला तेवढं सांगू नगासा. भाऊ समितीवर हाय म्हणून सगळ्या पै-पावण्यांत सांगत सुटलीया."

तेव्हापासून मिटिंगच्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्या दारात उभा राहतो आणि टोकाच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारतो, "मामा, चला, मिटिंग." ते शाल घेऊन बाहेर येतात, कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर चालतात आणि तिथल्या चहाच्या गाड्यापाशी बाकावर बसून राहतात. मिटिंग संपली की मी त्यांना घेऊन परत येतो.