नवरा पुढे, वरात मागे

"कसं? कुठं? कधी?" हे विचारताना सर उजव्या हाताची तीन बोटं एकेक करून उघडत आणि तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत हात खाली घेत नसत. दूधवाला जिन्यात म्हणाला, "भैंस बीमार है," की बोटं उघडलीच. मग म्हशीची सगळी कहाणी ऐकून होईपर्यंत बाकीची गल्ली पातेली घेऊन ताटकळत उभी. मुलं त्यांना मागून 'कब-कहाँ मास्टर' म्हणत. मीही म्हणत असे.

सराफ्यामागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि पुढच्या खोलीत ते आम्हाला इंग्रजी शिकवत. आमच्याकडे घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि इंग्रजी फक्त औषधाच्या बाटलीवर. अशा मुलांना घोकंपट्टी चालत नाही हे त्यांनी ओळखलं होतं.

"आपलं मराठी वाक्य म्हणजे लग्नाची वरात," ते सांगत. "बँडवाले पुढे, बायका नाचून राहिल्या, काका-मामा, आणि नवरा सगळ्यात शेवटी. क्रियापद म्हणजे तो नवरा. इंग्रजीतल्या नवऱ्याला धीर नाही. तो पुढे निघतो आणि वरात मागे."

कुणीतरी विचारलं, "और कर्ता, सर?"

"कर्ता म्हणजे घोडा. त्याच्याशिवाय नवरा निघेल कसा?"

मग टेबलाच्या खणातून मुंडावळ्या निघायच्या. खऱ्या, त्यांच्या स्वतःच्या लग्नातल्या, मोती पिवळे पडलेल्या. जो क्रियापद होईल त्याच्या कपाळाला त्या बांधायच्या आणि त्याच्या मागे एकमेकांचे खांदे धरून उभं राहायचं: आधी 'कसं', मग 'कुठं', शेवटी 'कधी'. मी सगळ्यांत लहान, म्हणून नेहमी 'कधी'. वरात जिन्यापर्यंत जाऊन परत यायची. कुणी चुकीच्या जागी उभं राहिलं तर सर ओरडत नसत, वरात थांबवून वाट बघत. थंडीच्या दिवसांत बरोबर वाक्याला गजकचा, म्हणजे तिळगुळाच्या कुरकुरीत वडीचा, तुकडा मिळे. काकू आतून म्हणायच्या, "लग्नात एकदा बांधल्या यांनी, आता रोज दुसऱ्याच कुणाच्या कपाळाला."

हे प्रश्न म्हणजे सरांचा चाळा आहे असं मला वाटे. मग सरांच्या घरासमोरचे आजोबा वारले. भेटायला येणारा जो तो "वाईट झालं" म्हणून खाली मान घालून बसे आणि आजी कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत. सर आले, त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि हळूच म्हणाले, "कसं झालं, वहिनी? कुठं होतात तुम्ही तेव्हा?" माझ्या आईने कपाळाला हात लावला. पण आजी बोलायला लागल्या. सकाळच्या चहापासून सगळं सांगितलं आणि सांगता सांगता पहिल्यांदा रडल्या. सर तासभर हलले नाहीत.

पुढे मी एम.ए. झाले आणि बाड्याजवळच्या, म्हणजे शहरातल्या मुख्य चौकाजवळच्या, एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये शिकवू लागले. काकू गेल्यावर सर एकटे पडले, तेव्हा मीच संचालकांकडे शब्द टाकून त्यांना सकाळची बॅच मिळवून दिली. आठवड्याभरात त्यांचा चेहरा बदलला. एकदा म्हणाले, "ही बॅच आहे म्हणून दाढी करतो ग मी. नाहीतर कोणासाठी करायची?" हे वाक्य मी विसरले नव्हते. पुढचं केलं तेव्हाही ते मला आठवत होतं, म्हणून हे लिहिते आहे.

तीनेक वर्षांनी संचालकांना क्लासचं रूप पालटायचं होतं. भिंतीवर स्क्रीन, तोंडात फक्त इंग्रजी. सर मराठी-हिंदीतून शिकवतात हे त्यांना खुपत होतं. त्यांनी मला सरांचा एक वर्ग बघून लेखी अहवाल द्यायला सांगितलं, आणि सकाळची बॅच मोकळी झाली तर ती माझी, शिवाय इंग्रजी विभागही माझा, असं जाता जाता सांगून ठेवलं.

मी गेले तेव्हा व्हरांड्यात वरात निघाली होती. हजीरा भागातून येणाऱ्या एका चाळिशीच्या बाईंच्या कपाळाला मुंडावळ्या होत्या, मागे बँकेच्या परीक्षेची दोन मुलं आणि एक दुकानदार. सगळे हसत होते, पण वाक्यं बरोबर येत होती. इतक्यात संचालक नव्या विद्यार्थ्यांच्या पालकांना क्लास दाखवत तिथून गेले. पालक हसले. संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. आपणही इंग्रजी असंच, कुणाचा तरी खांदा धरून शिकलो हे यांना कळलं तर, असं मनात आलं. तेव्हा मला लाज वाटली ती सरांची. दहा मिनिटांत मी तिथून निघाले.

अहवालात बरंच काही लिहिलं, पण काम केलं ते एका इंग्रजी वाक्याने. त्याचा अर्थ असा, की मुलं चाळीस मिनिटं व्हरांड्यात नुसतीच उभी होती.

संचालकांनी तो कागद सरळ सरांच्या हातात दिला. सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. ते खुर्चीत बसले होते, दाढी केलेली, कागद गुडघ्यावर. ते वाक्य त्यांनी माझ्यासमोर वाचलं आणि वाचताना सवयीने बोटं उघडत गेली. उभी होती. कशी, नुसतीच. कुठं, व्हरांड्यात. किती वेळ, चाळीस मिनिटं. मग हात खाली घेतला.

"वाक्य बरोबर आहे," ते म्हणाले.

तू तिथे चाळीस मिनिटं होतीस का, हे आता विचारतील म्हणून मी वाट बघत उभी राहिले. उभ्या जन्मात कुणाला सोडलं नाही, मला मात्र त्यांनी काही विचारलं नाही. चष्म्याचं घर उचललं, रुमाल उचलला. तिथल्या टेबलाचा खण उघडून मुंडावळ्या काढल्या, पुन्हा आत ठेवल्या.

"या राहू दे इथेच. तुला लागतील."

बाड्यावरून त्यांच्या गल्लीत चालत जायला सात-आठ मिनिटं लागतात. मी गेले नाही. सराफ्यात काम निघालं तरी दुसऱ्या बाजूने वळसा घालून जाई, न जाणो सर जिन्यात उभे असले तर. दिवाळीनंतर दूधवाला रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "मास्टर साहब नहीं रहे." त्याला वाटलं मी काही विचारीन. तो थांबलाही होता. कसे गेले, कुठं, कधी, यातलं काहीही मी विचारलं नाही. त्यातल्या एखाद्या तरी उत्तरात मी असेन, अशी मला भीती वाटली.

सकाळची बॅच आता मी घेते. स्क्रीन वर्षभर चालली, मग मुलांच्या डोक्यात काही शिरत नाही म्हणून संचालकांनीच 'काहीतरी वेगळं करा' म्हणून सांगितलं. मी खण उघडला. गेल्या आठवड्यात एका मुलीच्या कपाळाला मुंडावळ्या बांधत होते. वाक्य पहिल्यांदाच बरोबर आलं म्हणून ती खुशीत होती.

"मॅम, यह आपने खुद सोचा है?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले, आणि तिच्या डोक्यामागची गाठ आणखी घट्ट केली.